ॲनालिस्ट म्हणजे नक्की कोण, आणि देवगडच्या पोरीने कुठली जाहिरात भरायची

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातून आलंय. मोठं होतं, थोडं कापून देते:

“ताई, नमस्कार. मी बीएस्सी आयटी, २०२४ ला पास. बारावी सायन्स ६१ टक्के, पदवीला ५८, एक केटी होती ती सुटली. तेव्हापासून दीडशेच्या वर जाहिराती भरल्या. डेटा ॲनालिस्ट, बिझनेस ॲनालिस्ट, सिस्टम ॲनालिस्ट, आयटी एक्झिक्युटिव्ह, जे दिसेल ते. चार फोन आले, त्यातल्या एकाने रजिस्ट्रेशनचे २ हजार मागितले. आता पुण्यातला एक क्लास म्हणतोय डेटा ॲनालिटिक्स कर, सहा महिने, ६५ हजार, १०० टक्के प्लेसमेंट. बाबा म्हणतात यंदाच्या आंब्यातून देतो. आई म्हणते इतक्या कॉम्प्युटर शिकलंस तर बँकेत कित्याक घेनत नाय? मी पात्र तरी कशाला आहे ते एकदा सांगा. अनुभव काहीच नाही, घरी बसून फक्त बाबांचा आंब्याचा हिशेब लिहिते.”

अगं बाय, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला शेवटच्या ओळीवर अडकले. त्या ओळीकडे मी येणार आहे, पण आधी तुझ्या दीडशे जाहिराती बघू.

तू पदाचं नाव बघून भरतेयस. सगळेच तसं करतात, मीही केलं. २००८ ला बीकॉम होऊन मालवणातून नवी मुंबईत गेले तेव्हा मला जे लेटर मिळालं त्यावर ‘प्रोसेस ॲनालिस्ट’ लिहिलेलं, बाबांनी ते अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं, आणि गणपतीला घरी गेले तर शेजारचे काका त्यांचा साखरेचा रिपोर्ट घेऊन हजर, म्हणे तू ॲनालिस्ट ना गो, बघ जरा किती धोका हा. आता त्यांना काय सांगणार की मी रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या लोकांचे विम्याचे क्लेम एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर चढवते, आणि त्यात ॲनालिसिस इतकंच की फॉर्म पूर्ण भरलाय की नाही. काम वाईट नव्हतं, पगार वेळेवर यायचा, पण नावाचा आणि कामाचा काडीचा संबंध नव्हता. आजही नाही. ॲनालिस्ट ही कंपन्यांची खालची पायरी आहे, कुठे क्लार्कला ॲनालिस्ट म्हणतात, कुठे हेल्पडेस्कला, आणि कुठे खरंच आकडे बघणाऱ्याला.

म्हणून जाहिरात उघडलीस की नाव सोड आणि खाली ‘रिस्पॉन्सिबिलिटीज’ लिहिलेलं असतं तिथे जा, तिथली क्रियापदं वाच. रिपोर्ट बनवणे, डॅशबोर्ड अपडेट करणे, डेटा क्लीन करणे असं असेल तर ते डेटा ॲनालिस्टचं काम, मग वर नाव ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टम, म्हणजे वरच्या साहेबांना लागणारे रिपोर्ट) का असेना. हे एमआयएस नाव तू दीडशेत एकदाही सर्च केलेलं दिसत नाही, आणि फ्रेशर पोरांना ॲनालिस्टच्या कामात शिरायला हाच दरवाजा बऱ्याचदा उघडा असतो, कारण नाव झगमगीत नाही म्हणून गर्दी कमी. तिकिट (नोंदवलेली तक्रार), एसएलए (ती सोडवायची मुदत), शिफ्ट, युजर इश्यू असं असेल तर ते सपोर्टचं काम, त्यालाही ॲनालिस्ट म्हणतात. अलर्ट मॉनिटरिंग आणि लॉग असं असेल तर सायबर सिक्युरिटीवाला एसओसी (सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर) ॲनालिस्ट, तिथे पण रात्रपाळी धरून चल.

बिझनेस ॲनालिस्टचं वेगळं. क्लायंटशी बोलून त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं, लिहून काढायचं, आणि कोड लिहिणाऱ्या पोरांना समजेल असं मांडायचं, हे ते काम. ऐकायला सोपं वाटतं पण समोरच्या धंद्याची माहिती लागते, म्हणून बहुतेक जाहिरातीत दोन-चार वर्षांचा अनुभव मागतात, आणि तू तिथे फ्रेशर म्हणून भरलंस की कॉम्प्युटरच गाळतो, माणसापर्यंत जातच नाही. त्या लायनीत सर्टिफिकेशनं पण आहेत, आयआयबीए नावाच्या संस्थेची, त्यातलं ईसीबीए अनुभवाशिवाय देता येतं आणि मोठं जे सीबीएपी, त्याला ७,५०० तासांचं काम दाखवावं लागतं. तुला आत्ता दोन्हीची गरज नाही. सिस्टम ॲनालिस्ट तर जुनं पद, सरकारी जाहिरातीत अजून दिसतं, पात्रता बहुतेक वेळा इंजिनियरिंग किंवा एमसीए आणि वर अनुभव, सोडून दे ते सध्या.

आता पात्रता. हे जरा कडू आहे पण ऐक.

मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर घेतात तेव्हा दोन चाळण्या लावतात. पहिली टक्क्यांची, दहावी बारावी पदवी तिन्हीकडे ६० नाहीतर ५० असं, आणि चालू केटी नको. तुझी केटी सुटलीय, ती विषय संपला, मुलाखतीत स्वतःहून काढूही नकोस, विचारलं तर खोटं मात्र बोलू नकोस. तुझ्या ५८ मुळे ६० वाली दारं बंद, ५० वाली उघडी. पण दुसरी चाळणी पोरांच्या लक्षातच येत नाही, ती पासिंग इयरची. बीएस्सी-बीसीए वाल्यांसाठी खास भरत्या असतात, टीसीएसची स्मार्ट हायरिंग, विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम ज्यात नोकरी करता करता एमटेक होतं पण करार ६० महिन्यांचा असतो, या भरत्या ठराविक वर्षी पास झालेल्यांनाच घेतात. तू २०२४ ची. म्हणजे २०२५, २०२६ लिहिलेल्या जाहिराती तू भरल्यास त्या हवेत गेल्या. तुझ्या दीडशेतल्या किती अशा होत्या ते मोज एकदा, मला वाटतं अर्ध्या तरी निघतील, आणि मग तुझं तुलाच बरं वाटेल की दीडशे जणांनी मला नाकारलं असं काही झालेलं नाही.

(हे वाचणाऱ्या आणि घरात बारावीचा पोरगा असणाऱ्या आयांसाठी, मधेच सांगून टाकते. एचसीएलचा टेकबी नावाचा कार्यक्रम बारावीनंतरच घेतो, आधी ट्रेनिंग मग नोकरी आणि सोबत पदवी. आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्स २०२१ पासून चालू आहे, जेईई लागत नाही, त्यांचीच क्वालिफायर परीक्षा असते, परीक्षा सेंटरला जाऊन द्यायची, आणि मधेच थांबलात तरी सर्टिफिकेट नाहीतर डिप्लोमा हातात येतो. अभ्यास मात्र आयआयटीसारखाच, ऑनलाइन म्हणजे सोपा असं समजून फी भरू नका.)

बरं, आईचा प्रश्न. आईला हसू नकोस, प्रश्न एकदम बरोबर आहे. बँकांचा आयटी ऑफिसर आयबीपीएस या बँकभरती घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून घेतात आणि त्याला लागतं चार वर्षांचं इंजिनियरिंग कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स वगैरेतलं, किंवा त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी म्हणजे एमसीए, एमएस्सी असं काही, किंवा मग कुठलीही पदवी आणि वर एनआयईएलआयटी या सरकारी संस्थेची बी लेव्हल जिला पूर्वी डोएक म्हणायचे. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सी आयटीवर तो फॉर्म भरता येत नाही. म्हणून घेनत नाय, असं सांग आईला. पण क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) कुठल्याही पदवीवर, टक्क्यांची अट नाही, क्लार्कला वय २० ते २८, पीओला २० ते ३०, राखीव गटांना सवलत असते ती वेगळी. क्लार्कला ज्या राज्यातून भरशील तिथली भाषा यावी लागते, इथे आपण मराठी माध्यमवाले एकदाचे पुढे.

आणि एक कोपरा आहे जो मला भारी वाटतो आणि कोण सांगत नाही. ग्रामीण बँकांची भरती आयबीपीएस वेगळी घेतं, त्यात स्केल दोनचा आयटी ऑफिसर असतो, त्याला इलेक्ट्रॉनिक्स, कम्युनिकेशन, कॉम्प्युटर सायन्स किंवा आयटी यातली पदवी ५० टक्क्यांनी, आणि एक वर्षाचा अनुभव. वय २१ ते ३२. आता बघ, तुझे ५८. कमी काय आहे? एक वर्ष. म्हणजे आत्ता कुठेही आयटीत घाम गाळलास एक वर्ष, अगदी कणकवलीतल्या छोट्या कंपनीत, तरी तो फॉर्म तुझा होतो. अनुभवाचं पत्र मात्र लेटरहेडवर, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहून, सोडताना नाही तर चालू असतानाच मागून घ्यायचं, नंतर कोण फोन उचलत नाही हे मी भोगलंय.

सरकारीत ‘ॲनालिस्ट’ हा शब्द शोधशील तर फार सापडणार नाही, तिथे त्याचं नाव सांख्यिकी. एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसर असतो, त्याला बारावीच्या गणितात ६० टक्के किंवा पदवीला संख्याशास्त्र विषय, मार्कशीट काढून गणिताचा वेगळा आकडा बघ, एकूण ६१ म्हणजे गणितात तेवढेच असं नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्यात सांख्यिकी सहायक वगैरे पदं, जिल्हा परिषदेत विस्तार अधिकारी सांख्यिकी. ओरोसला जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे, ते जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतात, पावसापासून पशुधनापर्यंत सगळे तक्ते असतात त्यात. जागा क्वचित निघतात, त्याच्या भरवशावर बसू नकोस, पण पीडीएफ उतरवून घे, पुढे कामाला येईल. आणि २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली, पदवीधरांना महिना १० हजार विद्यावेतन आणि सरकारी नाहीतर खाजगी ऑफिसात काम, तुझ्या तालुक्यात सध्या जागा आहेत का ते ओरोसच्या कौशल्य विकासच्या ऑफिसात जाऊन विचार, फोनवर नको, जाऊनच. मिळालीच तर फायली लावायचं काम अंगावर घेऊ नकोस, एक्सेलचं काम मागून घे.

एमसीए करू का असं तू विचारलं नाहीस पण विचारशील. २०२० पासून दोन वर्षांचं झालंय, सीईटी असते, खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के आणि बारावीला नाहीतर पदवीला गणित, तू बसतेस त्यात. त्याने बँकेचं वरचं दार उघडतं, आणि मुख्य म्हणजे पासिंग इयर नवीन मिळतं, कॅम्पसला परत उभं राहता येतं. पैसे आणि दोन वर्षं असतील तर त्या ६५ हजारांच्या क्लासपेक्षा मी एमसीएच्या बाजूने आहे. घाई नाही, एक हंगाम काम शोधून बघ, मग ठरव.

आता तो क्लास. १०० टक्के प्लेसमेंट. अगं, त्यांचा फॉर्म मागव आणि त्यात ‘गॅरंटी’ लिहिलंय की ‘असिस्टन्स’ ते बघ. असिस्टन्स म्हणजे ते तुझा बायोडाटा दहा ठिकाणी फॉरवर्ड करणार, जे तू घरी बसून करतेयसच. मागच्या बॅचच्या पाच मुलांचे नंबर माग, त्यांनी दिलेले सोडून स्वतः शोधलेले दोन घे, आणि विचार की नोकरी लागली ती कसली, पगाराच्या स्लिपवर पद काय आहे. माझ्याच चुलत बहिणीने असाच एक क्लास केला, प्लेसमेंट म्हणून तिला पाठवलं ते क्रेडिट कार्ड विकायला, फोनवर. ती पण म्हणे डेटा जॉब, कारण नंबरांची यादी एक्सेलमध्ये होती.

याच्याहून वाईट एक प्रकार आहे. काही कन्सल्टन्सीवाले सांगतात दोन वर्षांचा अनुभव आम्ही दाखवतो, लेटर, सॅलरी स्लिप सगळं देतो, तू फक्त बोल. हात जोडते, यात पडू नकोस. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पीएफचा यूएएन म्हणजे खात्याचा कायमचा नंबर बघतात, त्यात कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते सगळं दिसतं, तिथे रिकामं असलं की ऑफर गेली आणि कंपनीच्या काळ्या यादीत नाव गेलं ते वेगळंच. मी स्वतः पाच वर्षं पोरांच्या मुलाखती घेतल्यात, असा खोटा अनुभववाला दहा मिनिटांत कळतो, बिचारा पाठ केलेलं बोलत असतो. आणि ज्याने २ हजार मागितले त्याला दिले नसतीलच, पण दिले असतील तर लाजू नकोस, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० ला फोन कर, जितक्या लवकर तितकं बरं. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, बास.

हं, आता तुझी शेवटची ओळ. “घरी बसून फक्त बाबांचा आंब्याचा हिशेब लिहिते.”

या ‘फक्त’ वरच माझं भांडण आहे.

मला सांग, वाशीच्या मार्केटातून पट्ट्या येतात ना? दलालाची ती पातळ कागदाची कार्बनवाली पट्टी, वर तारीख, किती पेट्या, चार डझनी किती, पाच डझनी किती, सहा डझनी किती, भाव काय लागला, मग खाली मोटारभाडं, हमाली असं वजा करत करत तळाला जी रक्कम उरते ती. किती वर्षांच्या आहेत घरात? आमच्याकडे बाबांनी खिळ्याला टोचून ठेवलेल्या असायच्या, बारा-पंधरा वर्षांच्या सहज. हा डेटा आहे बाय. आणि असा डेटा की जो इंटरनेटवर दुसऱ्या कोणाकडे नाही. मुलाखतीला येणारी निम्मी पोरं टायटॅनिकच्या प्रवाशांची फाइल नाहीतर कुठल्यातरी अमेरिकन सुपरस्टोअरची विक्री घेऊन येतात, सगळ्यांचे तेच चार ग्राफ, आम्हाला पाठ झालेत.

एक्सेल उघड आणि एक पट्टी एक ओळ नाही, एका पट्टीतली प्रत्येक डझनी एक ओळ, अशा भर. तारीख, कुठली बाग, डझनी, पेट्या, भाव, भाडं, हमाली. शंभर ओळी झाल्या की तुझं डोकं फिरेल, आणि तिथेच खरं काम सुरू होतं. एकाच दलालाचं नाव एका पट्टीवर आडनावाने, दुसरीवर आद्याक्षरांनी, तिसरीवर नुसता गाळा नंबर. बाबांच्या वहीत तीच बाग कुठे ‘वरची’, कुठे ‘सड्यावरची’, कुठे आजोबांच्या नावाने. कॉम्प्युटरसाठी या तीन बागा झाल्या. याला डेटा क्लीनिंग म्हणतात आणि नोकरीत निम्मा दिवस हेच करायचं असतं, क्लासवाले यावर एक तास देतात.

मग मे महिना संपत येतो, भाव पडतो आणि बाबा उरलेला आंबा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला घालतात. तो किलोवर. पेटी डझनावर आणि कॅनिंग किलोवर, मग दोघांची बेरीज करायची कशी? एका पेटीचं वजन काटा लावून तूच ठरवायचं, चार डझनी आणि सहा डझनी दोन्हीचं, आणि तसं ठरवलं हे शीटमध्ये लिहून ठेवायचं. मुलाखतीत मी विचारलं असतं की हा आकडा कुठून आणला, आणि तू म्हणाली असतीस मी पंधरा पेट्या वजन करून सरासरी घेतली, तर पुढचे प्रश्न मी सोडूनच दिले असते.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकताना पण हेच वापर. सगळे जॉइन जॉइन म्हणून घाबरतात, जॉइन म्हणजे दोन टेबलं जोडणं, बास. एक टेबल बागांचा, एक टेबल पट्ट्यांचा. समज सड्यावरच्या बागेतून एका वर्षी एकही पेटी वाशीला गेली नाही. इनर जॉइन केलास तर ती बाग यादीतून गायब, जणू नव्हतीच. लेफ्ट जॉइन केलास तर बाग राहते आणि पेट्यांच्या जागी नल येतं. आता नल म्हणजे त्या वर्षी आंबाच शून्य का? नाही ना, आंबा धरला होता, पण सगळा कॅनिंगला गेला, म्हणून पट्टी नाही. नल आणि शून्य यातला फरक सांगा हा प्रश्न फ्रेशरला हमखास विचारतात, पुस्तकातलं उत्तर सगळे देतात. तू सड्यावरच्या बागेचं दे.

आणि शेवटी एकच प्रश्न सोडव, दहा ग्राफ नकोत. भाडं, हमाली सगळं वजा जाता कुठल्या आठवड्यापासून वाशीला पाठवण्यापेक्षा कॅनिंगला दिलेला परवडला असता? दरवर्षी तोच आठवडा येतो का पुढेमागे होतो? उत्तर आलं की बाबांना दाखव. बाबा म्हणतील असं नसतं गो, दलालाकडून उचल घेतलेली असते, शेवटपर्यंत माल त्यालाच घालावा लागतो. हे ऐकून घे नीट, लिहून ठेव, कारण आकड्यात न दिसणारी ही गोष्ट विचारून काढणं म्हणजेच ते बिझनेस ॲनालिस्टचं काम, ज्याला दोन-चार वर्षांचा अनुभव मागतात.

हे करायला ६५ हजार लागत नाहीत. एक्सेलमध्ये पिव्होट, व्हीलुकअप आणि इंडेक्स-मॅच, पॉवर क्वेरी इतकं आलं की एमआयएसची मुलाखत देता येते. एक्सलुकअप शिक पण त्याच्यावर विसंबू नकोस, जुन्या एक्सेलमध्ये नसतं आणि बऱ्याच ऑफिसात जुनंच असतं. एसक्यूएलसाठी एसक्यूलाइट, हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर धावतं. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोज लागतं आणि रॅम खातं, चार जीबीवर रडतं. पायथन नंतर, ते पण टेबलं हाताळायच्या पॅन्डास लायब्ररीपुरतंच. शिकायला मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट, इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड फुकट, एनपीटीईएलचे म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स ऐकायला फुकट आणि परीक्षा द्यायची तरच फी, आणि इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल, त्यात मराठीतून पण आहे. बाबांचे आंब्याचे पैसे द्यायचेच असतील तर रॅम वाढवायला घे आणि इन्व्हर्टरला घे. जूनमध्ये वारा सुटला की लाईट जाणार, आणि ऑनलाइन टेस्टच्या मधे लाईट गेली तर समोरचा काय विचारत नाही. तौक्तेच्या वेळी मी घरून काम करत होते, २०२१ चा मे, लाईट कधी येणार ते कोणालाच माहीत नव्हतं, फोन चार्ज करायला मोटरसायकल चालू करून बसायचो.

बायोडाटात हा हिशेब वर लिही, शिक्षणाच्या लगेच खाली. ‘कौटुंबिक आंबा व्यवसायाच्या इतक्या वर्षांच्या विक्रीच्या नोंदींचं डिजिटायझेशन आणि विश्लेषण’, इंग्रजीत नीट करून, किती ओळी, किती वर्षं ते आकडे घालून. अनुभव म्हणून लिहू नकोस, प्रोजेक्ट म्हणून लिही. दलालाचं नाव आणि बाबांचे पैशाचे आकडे गिटहबवर (आपलं काम सगळ्यांना दिसेल असं ठेवायची साइट) टाकायचे नाहीत, नावाच्या जागी क्रमांक घाल, तेही एक शिस्तीचं काम म्हणून मुलाखतीत सांगता येतं.

भरायचं कुठे? ०-२ वर्षं लिहिलेलं असेल तिथे बिनधास्त भर. ‘मस्ट हॅव’ मधलं दोन तृतीयांश येत असेल तर भर, ‘प्रेफर्ड’ कडे बघूच नकोस. दिवसाला दहा नको, आठवड्याला दहा, पण प्रत्येकात त्या जाहिरातीतले शब्द तुझ्या बायोडाटात असले पाहिजेत. नवी मुंबईतलं ऐरोली-महापे बघ, तुतारी एक्स्प्रेसने रात्री बसलीस की सकाळी ठाण्याला, तिथून ऐरोली दोन स्टेशनं. गोवा पण बघ, आपण उगाच मुंबईकडेच तोंड करून बसतो. आणि आंबा, काजू, मासळीचे जे प्रोसेसिंगवाले आहेत आपल्याच पट्ट्यात त्यांना स्टॉकचा, डिस्पॅचचा हिशेब बघणारं माणूस लागतं, ते कधी ॲनालिस्ट म्हणून जाहिरात देणार नाहीत, ‘ऑफिसला मुलगी पाहिजे’ असं म्हणतील, तिथे तुझी सुरुवात होऊ शकते.

पगाराचं आधीच सांगते म्हणजे नंतर धक्का नको. ३ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५ हजार हातात असं नाही, त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधी विमा सगळं धरलेलं असतं, हातात वीस-एकवीस येतात. महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजार पगारापर्यंत व्यवसाय कर नाही, २०२३ पासून, तेवढे दोनशे वाचतील. तरी कापलेले दिसले तर एचआरला विचार, माझ्या एका ज्युनियरचे चार महिने कापत होते, कोणाच्या लक्षातच नव्हतं.

क्लासवाल्याला सध्या ‘विचार करून सांगते’ म्हण, तो उद्या फोन करून फी ४५ हजार करेल, परवा ३५, बघच तू.

आणि आजच एक काम कर. पट्ट्या खाली काढ आणि एकेकीचा फोटो घे, सगळ्यात जुनी आधी. ती कार्बनची शाई दरवर्षी फिकी होत जाते आणि एका पावसाळ्यात ओल धरली की कागद कागदाला चिकटतो, मग भाव चारशे होता की नऊशे ते बाबांनाही सांगता येणार नाही. पहिल्या पन्नास ओळी भरून झाल्या की शीट मला पाठव, डझनीचा कॉलम कसा केलायस ते मला बघायचंय.